शिवण उत्तम

वायरमनला सगळे मास्तर म्हणत, पण शाळेशी त्याचा संबंध सातवीतच सुटला होता. हे नाव पडलं ते त्याच्या शेऱ्यांमुळे. कुठल्याही घरातला स्विचबोर्ड उघडला, की आधीच्या माणसाने आत काय दिवे लावलेत ते तो सावकाश बघायचा, तोंड वाकडं करायचा आणि खिशातलं पक्क्या शाईचं पेन काढून पेटीच्या आत, मागच्या फळीवर, एक शेरा ओढायचा. खाली तारीख. सही करायची गरज नव्हती. त्या भागातल्या एकूण एक वायरमनला ते उजवीकडे कललेलं अक्षर झोपेतही ओळखू आलं असतं.

'इथे अर्थिंग आहे अशी कुणी समजूत करून घेऊ नये.' 'टेप संपली की काम थांबवायचं असतं, सुतळी शोधायची नसते.' 'ही वायर कुठे जाते ते फक्त उंदराला माहीत.' एका दवाखान्याच्या बोर्डात उघड्या तारा एकमेकींच्या गळ्यात गळे घालून बसलेल्या दिसल्या, तेव्हा त्याने लिहिलं होतं, 'पेशंट कमी पडत होते काय?'

घरमालकाला यातलं काही दिसत नसे. पेटी उघडणार वायरमन आणि वाचणारही वायरमन. सामानाच्या दुकानात काउंटरला टेकून ते एकमेकांना शेरे ऐकवत आणि पोट धरून हसत. मास्तर आत शिरला की कुणीतरी म्हणायचंच, "काल तुमचा एक वाचला, मास्तर!" मास्तर वरवर लक्ष नसल्यासारखं दाखवायचा, पण त्या माणसाला चहा मात्र पाजायचा. त्याच्या लेखी या धंद्यात दोनच प्रकारची माणसं होती. एक तो स्वतः. आणि दुसरी, ज्यांच्या हातात पक्कड देणाऱ्यालाच आधी शॉक द्यायला हवा होता.

त्या दिवशी सकाळी प्लंबर त्याच्या दारात आला तो उजवा खांदा चोळतच. तीस वर्षांची दोस्ती होती, एकमेकांची कामं एकमेकांना मिळवून द्यायचे.

"काय रे, बायकोने धरून आपटलं का?"

"नळाने," प्लंबर म्हणाला. "नळ बदलायला गेलो होतो. पाना लावला, आणि दुसऱ्या क्षणी पाना एकीकडे, मी पलीकडच्या भिंतीवर. हा खांदा अजून माझा वाटत नाहीये."

"कुठल्या गाढवाचं घर?"

प्लंबरने खांदा चोळायचा थांबवला. "तुझ्या ताईचं."

थोरल्या बहिणीच्या घरी मास्तर दोन वर्षांत फिरकला नव्हता.

"आज संध्याकाळी त्यांची नात येतेय, लेकीची मुलगी," प्लंबर पुढे म्हणाला. "चार वर्षांची. सुट्टीभर राहणार. म्हणून ताईंनी बोलावलं. म्हणाल्या, प्लास्टिकचा नळ बसवा, म्हणजे चावणार नाही."

"चावणार नाही?"

"त्यांच्याकडे नळ चावतो असंच म्हणतात. आठ महिने चावतोय."

मास्तरने पिशवी उचलली. पायऱ्या उतरता उतरता त्याने आठ महिने करंट अंगावर घेणाऱ्या माणसांच्या अकलेचा उद्धार सुरू केला तो बहिणीच्या दारापर्यंत संपला नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट अशी. भाऊजी शिंपी होते. घराच्या पुढच्या खोलीतच मशीन, आणि हात असा की उसवलेलं कुठे होतं ते शिवल्यावर त्यांना स्वतःलाही सापडू नये. स्वयंपाकघर वाढवलं तेव्हा गिझरची लाइन त्यांनी स्वतःच ओढली. त्यात काय एवढं, वायरही धाग्यासारखीच, असं म्हणून. नंतर मास्तर धूर बाहेर फेकणारा पंखा बसवायला गेला आणि त्याने तो बोर्ड उघडला. आत गिझरला हिरवी वायर. हिरवी म्हणजे अर्थिंगची, तिच्यात करंट नसायचा असतो. भाऊजींनी तीच फेजला जोडली होती, का, तर घरात उरलेली होती आणि रंग बरा दिसत होता. पुरली नाही तेव्हा दोन तुकडे जोडले. जोडावर टेप नाही. कापडी पट्टी गुंडाळून तिला मेणाच्या धाग्याने बारीक, एकसारखे टाके घातलेले.

मास्तर इतका हसला की स्टुलावरून पडायचाच बाकी राहिला. त्याने तिथल्या तिथे शेरा लिहिला आणि मोठ्याने वाचून दाखवला: 'शिवण उत्तम. जोड शून्य. याला वायरिंग म्हणत नाहीत, काज म्हणतात.' पुढच्या खोलीत भाऊजींची दोन जुनी गिऱ्हाइकं माप द्यायला आली होती. तीही हसली. भाऊजींनी कात्री खाली ठेवली आणि म्हणाले, "माझ्या घरात पुन्हा हात घालायचा नाही." मास्तरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्याने झाकणाचे चारही स्क्रू करकचून आवळले, पिशवी खांद्याला मारली आणि जाता जाता म्हणाला, "शॉक बसला की बोलवा."

आता दार ताईनेच उघडलं. तिने आधी प्लंबरकडे पाहिलं, मग भावाकडे. "तू कशाला आलास?"

"नळाला भेटायला."

"ये. त्याला तरी घाबर."

भाऊजी मशीनवर होते. गळ्यात टेप, नजर सुईवर. त्यांनी मान वर केली नाही, मशीनही थांबवलं नाही.

न्हाणीघराच्या दाराशी मास्तर थबकला. उंबऱ्यावर रबरी चपलांचे जोड ओळीने मांडलेले. आत नळाच्या दांडीला दोन कापडी पट्ट्या बांधलेल्या, एक लाल आणि एक निळी, दोन्हींच्या कडा दुमडून शिवलेल्या, टोकाला बोट अडकवायला सुबक फास.

"लाल ओढली की चालू, निळी ओढली की बंद," ताई म्हणाली. तिच्या आवाजात चक्क थोडा अभिमान होता. "हात लावावा लागत नाही. आणि बादली भरली की आधी चपला घालायच्या, मगच उचलायची. कपडे ओले असले की भिंतीला टेकायचं नाही. सवय झालीय आता."

"नळाला झबलं शिवलंत!" मास्तर ओरडला. "अगं, टोपरंही शिवायचं होतं! नजर लागेल त्याला!"

बाहेर मशीन थांबलं. मग पुन्हा सुरू झालं, जरा जोरात.

मास्तरने नळाला टेस्टर टेकवला. टेस्टरमधला बारका दिवा लालभडक लागला. गिझर बंद केला, तरी लागलेलाच. ताई म्हणाली, तेच तर कळत नाही, सगळी बटणं बंद केली तरी चावतो. मास्तरच्या डोळ्यांपुढे मात्र संध्याकाळी येणारी नात आली. चार वर्षांच्या मुलीला लाल ओढ, निळी ओढ कोण सांगणार? ती आल्या आल्या पाण्यात खेळायला धावणार, अनवाणी, ओल्या हातांनी. आणि प्लंबरसारख्या रेड्याला ज्याने भिंतीवर फेकलं, ते त्या पोरीला सोडणार नव्हतं.

"आधी पाइप दाखव," तो प्लंबरला म्हणाला. घरामागे आल्यावर त्याने खाली बसून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. घरात शिरणारा पाइप अजून लोखंडी, पण जमिनीतून वर येणारा तुकडा पांढरा, प्लास्टिकचा. त्याच्याभोवती तांब्याची एक तार तीन वेढे देऊन, नटाने आवळून बसवलेली.

"हा कुणी बदलला?"

"मीच. आठ महिने झाले. लोखंडी सडला होता."

"आणि ही तार?"

"ती तुमच्या अर्थिंगची. जुन्या पाइपाला होती. मी काही टाकून दिली नाही हं, जशी होती तशी परत बांधली. नीट."

"प्लास्टिकला?"

प्लंबरने तारेकडे पाहिलं, मग पाइपाकडे.

"अख्ख्या घराचं अर्थिंग तू प्लास्टिकला बांधलंस. नटाने. आवळून." मास्तर उठून उभा राहिला. "त्यापेक्षा गाठ मारून वर फूल काढायचंस. शोभा तरी आली असती."

"मला काय माहीत? मी पाण्याचा माणूस."

"तू कशाचाच माणूस नाहीस."

पण एवढ्याने कोडं सुटत नव्हतं. पाइपात करंट कुठूनतरी येत होता. इतके दिवस तो लोखंडातून गुपचूप मातीत जात होता, म्हणून कुणाला कळलं नाही. प्लास्टिक आल्यावर त्याची वाट बुजली आणि तो नळात येऊन बसला, कुणी ओला हात लावतंय का बघत. गळती सापडल्याशिवाय उपयोग नव्हता. मास्तरने मेन स्विच उघडला, तो बरा होता. गिझर उतरवून पाहिला, त्याचं कॉइल ठणठणीत. दुपारचे बारा वाजले.

"ती शिवलेली वायर काढली ना तुम्ही?" त्याने पुढच्या खोलीत जाऊन विचारलं.

"तीन वायरमन येऊन गेले नंतर," भाऊजी सुईकडे बघत म्हणाले.

म्हणजे काढली असणार. इतका गाढव कुणीच नसतो, मास्तरने स्वतःला सांगितलं, आणि मग आठवलं की तो आयुष्यभर याच्या उलट सांगत आलाय. "तरी बोर्ड बघू दे एकदा."

"तिथे मांडणी आहे."

खरंच होती. दोन वर्षांपूर्वी जिथे बोर्ड दिसायचा, तिथे आता लोखंडी मांडणी उभी होती, डब्यांनी आणि पातेल्यांनी खचाखच भरलेली. स्वयंपाकघराच्या दुसऱ्या टोकाला रिकामी भिंत पडून असताना ही बरोबर बोर्डावर.

"सरकवू या."

"नको," भाऊजी दारात येऊन म्हणाले. "जड आहे. डबे पडतील. दुसरीकडे बघा."

"दुसरीकडे बघून झालं. तुमचा मान त्या डब्यांमागे ठेवलाय का, की धक्का लागला तर सांडेल?"

भाऊजी पांढरे पडले. परत फिरले आणि मशीनपाशी जाऊन नुसतेच बसले. तेव्हा ताई पुढे आली. ती हळू बोलली.

"तू म्हणाला होतास ना, शॉक बसला की बोलवा? बसला. मला बसला, यांना बसला, यांना तर दोनदा बसला. मी म्हटलं, बोलावू या त्याला. हे म्हणाले, नको. आणि खरं सांगू? मलाही नको वाटलं. तुझ्या तोंडापेक्षा नळ परवडला आम्हाला."

मास्तरने पुढे होऊन मांडणीवरचा पहिला डबा उचलला.

त्याने आणि प्लंबरने मिळून बाकीचे डबे उतरवले, मांडणी सरकवली. मेन बंद केला. चार स्क्रू फिरवले, झाकण अलगद बाजूला ठेवलं आणि विजेरी आत मारली.

हिरवी वायर तिथेच होती. जोडही तोच. कापडी पट्टी काळी पडून ओलसर झालेली. भिंतीपलीकडेच न्हाणीघर, तिथली ओल इकडे झिरपलेली. पट्टी पेटीच्या कडेने न्हाणीघरात जाणाऱ्या लोखंडी पाइपाला टेकलेली होती आणि तिच्या चिरेतून तांबं दिसत होतं. स्विचही उलट्या, परतीच्या वायरवर, म्हणजे गिझर बंद केला तरी हिरवी रात्रंदिवस जिवंत. टाके मात्र अजून एकही उसवला नव्हता.

त्यामागे फळीवर त्याचा शेरा. शाई पक्की होती, अक्षर ताजं वाटत होतं. आणि शेऱ्याखाली आणखी काहीतरी लिहिलेलं होतं.

'सहमत.' खाली तारीख, दीड वर्षापूर्वीची.

'मी पण सहमत. हसून पोट दुखले.' खाली दुसरी तारीख.

'एकदम सहमत! मास्तर झिंदाबाद.'

तिसरं अक्षर मास्तरने ओळखलं. चष्मेवाला वायरमन. गेल्या वर्षी दुकानात त्याने मास्तरच्या पाठीवर थाप मारली होती. "शिंप्याच्या घरचा वाचला, मास्तर! काय लिहिलंय! आणि ते काज अजून तसंच आहे बरं का!" मास्तरने त्याला चहा पाजला होता. बरोबर बिस्किटंही. 'अजून तसंच आहे' हे शब्द त्याने तेव्हा नीट ऐकले होते, आणि ते ऐकून तो खूश झाला होता.

"पहिला ट्यूबलाइटसाठी आला होता," भाऊजी मागून म्हणाले. ते केव्हा येऊन उभे राहिले कळलं नव्हतं. "मी विजेरी धरून उभा. त्याने वाचलं, मला वर-खाली पाहिलं, हसला. लिहिलं आणि झाकण लावलं. म्हटलं, ते दुरुस्त करा ना. तर म्हणाला, मला ट्यूबलाइटचं सांगितलंय. दुसरा मिक्सरच्या पिनेसाठी आला. त्याने तर मला बोलावून वाचून दाखवलं. तिसऱ्याने फोटो काढला. त्यानंतर मी मांडणी लावली."

"पुसायचं होतं," प्लंबर हळूच म्हणाला.

"आत हात घालायचा? मी?" भाऊजी म्हणाले. "मला काजं करता येतात फक्त."

मास्तर स्टुलावर बसला. आजवर त्याने शेकडो पेट्यांतल्या शेकडो मूर्खांना नावं ठेवली होती आणि त्यातलं एकही नाव त्याला आज परत घ्यावंसं वाटत नव्हतं. ते तिघे नालायकच होते. मरण समोर दिसत असताना त्याखाली सह्या करून गेलेली माणसं, त्यांना वायरमन म्हणायचं तर खाटकाला वैद्य म्हणावं लागेल. पण बघून, हसून गेलेले ते तिघेच नव्हते. चौथा, म्हणजे खरं तर पहिला, तो स्वतः होता. गळती त्याने सगळ्यांच्या आधी पाहिली होती, तिला छान नाव दिलं होतं आणि तिच्यावर चार स्क्रू आवळून तो घरी गेला होता. त्याला लाज वाटली. इतकी, की ती कुठे ठेवावी कळेना.

"कितीला येणार नात?" त्याने विचारलं.

"पाचला," ताई म्हणाली.

मग तो कामाला लागला आणि चार तास त्याच्या तोंडातून कामापलीकडचा शब्द निघाला नाही. प्लंबरला भीती वाटून त्याने दोनदा विचारलं, बरं वाटतंय ना. हिरवी वायर पार मुळापासून काढली. पाइपापासून हातभर लांबून नळीतून नवी ओढली, लाल ती लाल आणि काळी ती काळी. स्विच फिरवून योग्य वायरवर घेतला. घरामागे प्लंबरला खड्डा खणायला लावला; त्याने एकदाही कुरकुर न करता खणला, आणि मास्तरने अर्थिंगचा दांडा खोल ठोकून त्याला ती तांब्याची तार जोडली. मेनजवळ एक नवा ब्रेकर बसवला, करंट कुठेही गळू लागला की पापणी लवायच्या आत लाइन तोडणारा. मध्ये एकदा नवी वायर भिंतीच्या भोकातून पुढे सरकेना, तर भाऊजी उठले, एका बारीक तारेला फास केला आणि पहिल्या झटक्यात ओढून काढली. मास्तर "हं" म्हणाला. ही त्याच्याकडची मोठी दाद होती.

मेन चालू केला. टेस्टर नळाला टेकवला. दिवा लागला नाही. तरी मास्तरने चपला काढल्या, ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहिला, हात भिजवले आणि नळ मुठीत घट्ट धरला. ताईने डोळे मिटून घेतले होते. "उघड," तो म्हणाला, "जिवंत आहे." मग त्याने लाल आणि निळी पट्टी सोडवली आणि घडी करून भाऊजींच्या हातात दिली.

झाकण लावायचं तेवढं राहिलं होतं. त्याने पुन्हा मेन बंद केला आणि फळीसमोर उभा राहिला. आधी थुंकी लावून बोटाने शेरा घासून पाहिला. काही उपयोग झाला नाही; शाई त्याने स्वतः पारखून घेतली होती. रंगवून टाकू या, प्लंबर म्हणाला. मास्तरने नकारार्थी मान हलवली आणि खिशातून पेन काढलं. भाऊजींचा चेहरा बघता बघता दगडासारखा झाला. ते वळायला लागले.

"थांबा," मास्तर म्हणाला. "हा वाचून जा."

तिन्ही सहमतांच्या खाली त्याने उजवीकडे कललेल्या अक्षरात लिहिलं: 'हा जोड मी सर्वांत आधी पाहिला. दुरुस्त केला नाही. हसलो. दोन वर्षं या घरातली माणसं वाचली ती माझ्यामुळे नाही.' खाली तारीख. आणि आयुष्यात पहिल्यांदा, पूर्ण नावाने सही.

भाऊजींनी विजेरी घेतली आणि एकेक शब्दावरून ती फिरवत सावकाश वाचलं. पुन्हा वाचलं. बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला आणि ताई दाराकडे धावली. भाऊजींनी कानामागचा खडू काढला, कापडावर खुणा करायचा, चपटा, पांढरा. पेटीत हात घालताना त्यांचा हात क्षणभर अडखळला. मग त्यांनी सहीच्या खाली, सरळ रेषेत, टाके घालावेत तशा बारीक अक्षरांत लिहिलं:

'सहमत.'

"लावा आता झाकण," ते म्हणाले. "पोरगी आली."